भाजलेल्या हातावर मध: औषध किती, समजूत किती?

मेढ्याची सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिला धागा काढतेय. आमच्या घरात सध्या मधावरून वाद चालू आहेत, आणि एक नाही, चार.

सुरुवात संक्रांतीच्या आदल्या दिवशी झाली. सासूबाई तिळाच्या वड्यांसाठी पाक करत होत्या. कढई उतरवताना सांडशी सटकली आणि उकळता गूळ मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत सांडला. पाक नुसता भाजत नाही, चिकटून बसतो. मी त्यांना नळाकडे ओढेपर्यंत त्यांनी फडताळातली मधाची बाटली काढून हातावर ओतलीसुद्धा. "माझ्या आईनं हेच केलं असतं," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी तो मध आधी धुऊन काढला. सासूबाईंचा चेहरा पडला. पुढचे तीन दिवस ड्रेसिंग बदलताना जे हाल झाले ते सांगवत नाहीत. गॉज जखमेला चिकटायचं, निघताना ओली साल घेऊन यायचं, आणि त्या डाव्या हाताने माझा पदर मुठीत धरून बसायच्या. चौथ्या दिवशी त्याच डॉक्टरांनी एक ट्यूब उघडली आणि गॉजवर काळपट, दाट काहीतरी पसरलं. वासावरूनच कळलं, मध! दुसऱ्या दिवशी ते गॉज ओलसर सुटून आलं, खेचावं लागलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

तर माझे प्रश्न:

घरातला मध चालत नाही आणि ट्यूबमधला चालतो, हे का? खोकल्याला मध देतो त्याला खरंच आधार आहे का? सासऱ्यांना दहा वर्षांपासून साखर आहे, तरी रोज सकाळी कोमट पाणी, लिंबू आणि दोन चमचे मध घेतात, "मधाने साखर वाढत नाही" म्हणून. आणि सगळ्यात नाजूक विषय म्हणजे नणंदेचे दिवस भरत आलेत. बाळ झालं की सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा, हे सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.

जाणकारांनी कृपया नीट सांगा. मला घरात कुणाला हरवायचं नाहीये, खरं काय ते हवंय.

टाकेदोरा

ताई, आजींना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता, फक्त क्रम आणि बाटली चुकली. मी आयुष्यभर शल्यचिकित्सा केली, भाजलेल्यांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

भाजल्यावर पहिलं काम एकच. वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, मधही नको. पाक किंवा तेल कातडीत उष्णता धरून ठेवतं. त्यावर काहीही थापलं की ती आतच राहते. अंगठ्या, बांगड्या लगेच काढायच्या, कारण नंतर सूज येते.

आता मधाचं. मधात साधारण ८० टक्के साखर आणि २० टक्क्यांच्या आत पाणी. इतक्या दाट द्रवात जंतूचा जीव राहत नाही, त्याच्या पेशीतलं पाणीच ओढलं जातं. शिवाय मध आंबट असतो. जिभेला कळत नाही, पण त्याचा पीएच ३ ते ४.५ च्या आसपास. खरी गंमत पुढे आहे. मधमाशी मध करताना त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर मिसळते. बाटलीत ते झोपलेलं असतं. जखमेतल्या पाझराने मध थोडा पातळ झाला की ते जागं होतं आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणजे जखम जितकी ओली, तितकं औषध तिथल्या तिथे बनतं, तेही पेशींना जाळणार नाही इतक्या बारीक मात्रेत. ओलावा टिकतो म्हणून गॉज चिकटत नाही. आजींना जो फरक जाणवला तो हाच.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं नाही बरं का. १९९१ मध्ये सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. ५२ जणांना मध, ५२ जणांना तेव्हाचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. मधाच्या गटात ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या, मलमाच्या गटात १० टक्के. नंतर त्यांनी मधाची तुलना उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या ड्रेसिंगशीही केली. त्या काळी आपल्याकडे भाजलेल्यांवर साली खरोखर वापरत, हसू नका. तिथेही मधच सरस ठरला. आज जगात कुठेही मध आणि भाजणं यावर लिहायला बसलं की सोलापूरचं नाव टाळता येत नाही. आपल्याकडे मात्र ते फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण खरं सांगायचं तर पूर्ण सांगतो. ८७ विरुद्ध १० हा आकडा डोळे दिपवतो. मात्र ते चांदीचं मलम स्वतःच जखम भरायचा वेग कमी करतं, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे मधाला प्रतिस्पर्धी जरा कच्चा मिळाला. शिवाय भाजण्यावरच्या सुरुवातीच्या बहुतेक चाचण्या एकाच केंद्रातल्या. २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २६ चाचण्या आणि ३०११ रुग्ण एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की कातडीच्या अर्ध्या जाडीपर्यंत भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसला. बाकी ठिकाणी पुरावा अपुरा.

घरचा मध का नको? कारण त्यात माती, परागकण आणि काही जंतूंचे बीजाणू असू शकतात. खाताना ते आपण पचवतो, उघड्या जखमेत त्यांना मोकळं रान मिळतं. ट्यूबमधला मध गाळून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तापवून का नाही करत? तापवला की तेच विकर मरतं ज्यासाठी आपण मध लावतोय.

गवती चहा

काका, फार सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

एक विचारते. माझ्या वडिलांच्या तळपायाला मधुमेहामुळे जखम झालीय, दीड महिना भरत नाहीये. ओळखीच्या एकांनी मध बांधायला सांगितलंय. बांधू का?

टाकेदोरा

नाही. उद्या सकाळी त्यांना घेऊन सर्जनकडे जा, शक्यतो मधुमेही पाय बघणाऱ्या. अशा जखमेत मधाचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही, पण खरा धोका तो नाही. पायाला संवेदना नसते, रक्तपुरवठा कमी असतो, वरून जखम बरी दिसते आणि आत हाडापर्यंत पू गेलेला असतो. मध बांधून गेलेले आठ दिवस परत मिळत नाहीत. मी पाय कापावे लागलेले बघितलेत. कृपया थांबू नका.

गवती चहा

धन्यवाद. सकाळची वेळ घेतली.

सातेरीची पेटी

राम राम. मी मधपाळ, गाव महाबळेश्वर तालुक्यातलं. डॉक्टरसाहेबांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

आमच्याकडं पेटीत सातेरी माशी असते. आग्या मोहोळ कड्याला लागतं, ते पेटीत राहत नाही. आग्याचा मध काढणारे बरेच जण पोळं कापून पिळतात. त्यात अळ्या, पराग, मेण सगळं उतरतं, आणि पोळं संपतं. पेटीत तसं नाही. चौकटीवरच्या घरट्यांना माश्यांनी मेणाची टोपी घातली की समजायचं मध पिकला. टोपी सुरीनं अलगद तासायची, चौकट मधयंत्रात घालून फिरवायची, मध भिंतीवर उडून खाली उतरतो, रिकामी चौकट परत माश्यांना. टोपी घालायच्या आधी घाई केली तर मध पातळ निघतो आणि पुढं आंबतो. बाटली उघडताना फस्स आवाज आला, फेस दिसला, तर तो कच्चा मध समजा.

जांभळाचा मध, हिरड्याचा मध, गेळ्याचा मध, प्रत्येकाचा रंग आणि चव वेगळी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्या वर्षी डोंगर जांभळा होतो आणि पेट्या जड होतात. तुम्हाला एक सांगतो, अन्नसुरक्षा खात्याच्या मधाच्या नियमावलीत कारवीचं नाव आहे, शास्त्रीय नावानं, कार्व्हिया कॅलोसा. इतर मधाला सुक्रोजची मर्यादा ५ टक्के, कारवीच्या मधाला १० टक्के, कारण तो मुळातच तसा असतो. आमच्या डोंगरातल्या झुडपाला कायद्यात स्वतंत्र ओळ मिळालीय, याचा आम्हाला अभिमान आहे. मे २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव जाहीर झालं. कधी आलात तर बघून जा.

आता शुद्धतेचं. मध थिजला की लोक परत आणून देतात, "साखर घातलीय" म्हणतात. अहो, थिजणं हा मधाचा धर्मच आहे. पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी मधात बुडवून पेटवणं, कुत्रा चाटतो का बघणं, यातलं काहीच खरं नाही. दाट साखरेचा पाकसुद्धा यात पास होतो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचा मध तपासला तेव्हा तीनच ब्रँड सगळ्या चाचण्यांत उतरले. भेसळीचा पाक नेहमीच्या चाचण्या चुकवेल असाच बनवलेला होता. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाची बारीक तपासणी करून तो पकडला. तिथं काडीपेटी काय करणार? ओळखीच्या मधपाळाकडनं घ्या, कुठल्या फुलाचा आणि कधी काढला ते विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडनं घेऊ नका.

रानजाई वैद्य

दादा, कारवीची माहिती नवीन होती, आभार.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. सुश्रुतांनी मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत: माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक, दाल. व्रणावर मध आणि तूप वापरायचं त्यांनीही सांगितलंय. आम्ही मधाला योगवाही म्हणतो, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचा गुण तो पुढे नेतो. म्हणून सितोपलादी चूर्ण मधात कालवून देतो. नवा मध आणि जुना मध यांचे गुण वेगळे मानतो.

एका गोष्टीवर आमचा कटाक्ष असतो: मध तापवायचा नाही, उकळत्या पाण्यात घालायचा नाही. आधुनिक प्रयोगशाळाही मध किती तापवला गेला ते एचएमएफ नावाच्या घटकावरून मोजते, तापवला की तो वाढतो. दोन्हीकडची कारणं एकच आहेत असं मी म्हणणार नाही, पण सल्ला जुळतो. ताई, सासऱ्यांचं पाणी कोमट असेल तर ठीक, वाफाळतं नको.

जातकर्माबद्दल, म्हणजे बाळ जन्मल्यावर मध चाटवायच्या संस्काराबद्दल, मात्र माझं मन थोडं हळवं आहे. मध, तूप आणि सोनं ही बाळाला जगाची पहिली चव. माझ्याही मुलीला चाटवला होता. शुद्ध मध आणि एकच थेंब असेल तर इतकं घाबरावं का?

जाईजुई

वैद्यताई, मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. तुमचा आदर ठेवून स्पष्ट लिहिते, कारण इथे शुद्धतेचा प्रश्नच नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते मातीतून, फुलांतून, माशीच्या अंगावरून येतात. अगदी डोंगरातल्या अस्सल मधातही असू शकतात, आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. आपल्या आतड्यात इतर जंतूंची इतकी गर्दी असते की हे बीजाणू रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं अजून मोकळं रान असतं. तिथे ते रुजतात, विष तयार करतात, आणि ते विष नसा बंद पाडतं. आधी शी होत नाही. मग रडणं बारीक होतं, ओढून दूध पीत नाही, पापण्या झुकतात, मान सावरत नाही, बाळ चिंधीसारखं पडतं. शेवटी श्वास. हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. त्यानंतर मधाशी संबंध सापडला, म्हणून तिकडे बाटलीवर एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका असं छापतात. आजार दुर्मिळ आहे, मान्य. पण थेंब किती हा मुद्दा नाही, बीजाणू डोळ्यांना दिसत नाही.

बाळगुटी उगाळतानाही लोक मध घालतात, चोखणीला मध लावतात. आमच्याकडे आईला घरी सोडताना मी प्रत्येकीला हात धरून सांगते: वर्षभर मध नाही, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

मेढ्याच्या ताई, सासूबाईंना एक सुचवून बघा. माझ्या भावाच्या बाळाच्या वेळी आईने अंगठी उकळून घेतली, वहिनीच्या पहिल्या चिकाच्या थेंबात बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली. मंत्र तोच, सोनं तेच. आई म्हणाली, याहून गोड काय असणार.

रानजाई वैद्य

जाईजुई, तुम्ही लक्षणं लिहिलीत ती वाचून मी थांबले. चिकाच्या थेंबाचं मला फार आवडलं. यापुढे माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांना मीही हेच सांगेन.

ऑकलंडची कुलकर्णी काकू

इकडच्या मधाबद्दल लिहिते, कारण भारतातून दर महिन्याला कुणीतरी मागवतंच. मनुका हनी. आपल्या बेदाण्याशी काही संबंध नाही, मनुका हे माओरी नाव आहे एका झुडपाचं, पांढरी इवलीशी फुलं येतात. वाइकाटो विद्यापीठातल्या पीटर मोलन यांनी दाखवलं की या मधातलं पेरॉक्साइड काढून टाकलं तरी तो जंतू मारतो. का, ते २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये उलगडलं: मिथाइलग्लायऑक्सल. फुलाच्या रसातल्या एका द्रव्यापासून ते मध साठवल्यावर हळूहळू तयार होतं. बाटलीवर एमजीओ किंवा यूएमएफ आकडा असतो तो याचाच.

पण मागवणाऱ्यांना मी नेहमी सांगते, तो आकडा जखमेसाठी महत्त्वाचा. चमच्याने खाल्ला तर एवढे पैसे कशाला? माझ्या नातीला खोकला झाला की मी साधा क्लोव्हरचा मध देते, तेवढाच आराम पडतो.

टाकेदोरा

काकूंनी खोकल्याचं काढलं ते बरं झालं, ताईंचा तो प्रश्न राहिला होता. २००७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर चाचणी झाली. झोपण्याआधी एकच मात्रा मध, किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकल्याचं औषध, किंवा काहीच नाही. आईवडिलांच्या नोंदीत मध सगळ्यात पुढे होता. २०१२ मध्ये इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना रात्री दहा ग्रॅम मध किंवा तशाच चवीचा खजुराचा अर्क दिला, तिथेही मधाने खोकला जास्त कमी झाला आणि झोप लागली. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ पासून साध्या खोकल्याला आधी मध असंच सांगितलंय. तेव्हा एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा खुशाल द्या, नंतर दात पुसून घ्या. धाप, तीन आठवड्यांपेक्षा जुना खोकला, रक्त किंवा ताप उतरत नसेल तर मात्र दवाखाना. मध खोकला शमवतो, न्यूमोनिया बरा करत नाही.

ताटातलं मोजमाप

आहारतज्ज्ञ आहे, सासरेबुवांपुरतं लिहिते.

भरलेला एक मोठा चमचा मध म्हणजे २१ ग्रॅम, त्यात साधारण १७ ग्रॅम साखर, ६४ कॅलरी. दोन चमचे म्हणजे ३४ ग्रॅम साखर, तीही उपाशीपोटी. दहा वर्षांचा मधुमेह असताना रोज हे नको. जागतिक आरोग्य संघटना मधाला मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घालायच्या साखरेच्या गटातच, धरते. "नैसर्गिक आहे" हे खरं, पण रक्ताला ग्लुकोज कुठून आलं ते कळत नाही. लिंबूपाणी चालू ठेवा, मध काढा. पटत नसेल तर त्यांच्यासमोर ग्लुकोमीटर ठेवा: एक दिवस मधासह, एक दिवस मधाशिवाय, दोन तासांनी मोजा. मी रुग्णांना उपदेश करत नाही, आकडा त्यांनाच वाचू देते.

मेढ्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण मध्ये घरी धावपळ होती.

ग्लुकोमीटरचं केलं. मध घेतलेल्या दिवशी २३८, न घेतलेल्या दिवशी १७१. मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लिंबूपाणी मागितलं आणि म्हणाले, मीठ घाल थोडं. मीठही जास्त नको हे सांगायचं अजून बाकी आहे.

नणंदेला परवा मुलगी झाली. सासूबाईंना मी जाईजुईंचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, पूर्ण, चिंधीसारखं पडतं तिथपर्यंत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांचा धाकटा भाऊ दोन महिन्यांचा असताना गेला, त्याला काय झालं ते कुणीच कधी सांगितलं नाही. त्याचा मधाशी काही संबंध असेल असं नाही, त्या काळी बाळं कशानेही जात. पण दवाखान्यात त्यांनी स्वतः अंगठी उकळून घेतली, सुनेचा नाही तर लेकीचा चीक बोटावर घेतला, आणि भाजलेल्या हातानेच बाळाच्या ओठांना लावला. त्या हातावर आता नवी गुलाबी कातडी आलीय, मनगटाशी थोडी ताणते. डॉक्टरांनी खोबरेल लावून हलकं चोळायला आणि उन्हात झाकायला सांगितलंय.

सातेरीची पेटी दादा, तुमच्या तालुक्यातून जांभळाचा मध मागवला, दोन दिवसांच्या गारठ्यात थिजलाय. परत पाठवत नाही, घाबरू नका. पातळ कसा करू?

सातेरीची पेटी

बाळाला आशीर्वाद. बरणी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, गॅसवर अजिबात नको. नाहीतर तसाच चपातीला लावून खा, आमच्या घरात पोरं रवाळ मधच मागतात.